भाज्यांचे नूडल्स करायला कुठलं यंत्र घ्यायचं? आधी भाजी बघा, मग ब्लेड

भाज्यांचे नूडल्स करणारा स्पायरलायझर शोधायला बसलं की थोड्याच वेळात डोकं फिरतं. एकात तीन ब्लेड, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सात, एक हातात धरायचा, एक हँडलवाला, एक विजेवरचा, आणि प्रत्येकाच्या फोटोत तोच झुकिनीचा हिरवागार ढीग. आता झुकिनी कुठल्याही यंत्रातून बरीच निघते हो, ती मऊ असते, सरळ असते आणि कोवळी असेल तर बियांचाही त्रास नसतो, त्यामुळे तो फोटो बघून यंत्राबद्दल काहीच कळत नाही. खरी परीक्षा गाजर, रताळं, बीट लावल्यावर होते. म्हणून ब्लेड मोजत बसू नका. आधी आपण कुठल्या भाज्या खाणार, किती जणांसाठी करणार आणि जेवण झाल्यावर ते यंत्र कोण धुणार, एवढं घरात बसून ठरवा, निम्मे पर्याय तिथेच गळतात.

पायरी १: आत नक्की काय होतं ते बघा

सगळ्या स्पायरलायझरचं तंत्र एकच. एक आडवी सपाट पाती असते, आणि तिच्या पुढे फणीसारखे उभे दात. भाजी गोल फिरते तेव्हा दात आधी तिच्यावर चरे पाडतात आणि मागून पाती तेवढा थर सोलून काढते, की चऱ्यांमधला प्रत्येक पट्टा सुटा होऊन लांब दोरा बनून बाहेर येतो. म्हणजे दोन दातांमधलं अंतर ही नूडल्सची रुंदी, आणि पाती पृष्ठभागापासून जितकी वर ती जाडी. दात नसलेली नुसती पाती असेल तर रिबिनीसारखे रुंद पट्टे निघतात.

हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. भाजी फिरताना जरा जरी तिरकी झाली तर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला तुटके तुकडे येणार. पाती बोथट झाली तर भाजी कापली न जाता चेपली जाणार आणि पाणी सुटणार. आणि भाजीला मधोमध पोकळी असेल किंवा मोठी कोय असेल तर ती फिरवायला धरणारच कुठे? म्हणून ढोबळी मिरची, टरबूज, पिकलेला टोमॅटो असल्या गोष्टी या यंत्रात नीट होत नाहीत, कितीही महागाचं घेतलं तरी.

पायरी २: भाज्यांची यादी करा, कागदावर

खरंच कागदावर लिहा, कारण मनातली यादी फार महत्त्वाकांक्षी असते. गेल्या महिनाभरात घरात खरोखर आलेल्या भाज्या लिहा, आणि त्यातल्या नूडल्ससाठी चालणाऱ्यांवर खूण करा. भाजी घट्ट हवी, भरीव हवी, शक्यतो सरळ हवी, आणि जाडी साधारण ४ सेंटीमीटर तरी हवी. याहून बारीक असेल तर यंत्राच्या मधल्या भागातच ती संपून जाते, हातात दोऱ्यांपेक्षा गाभाच जास्त उरतो. बारीक गाजराच्या बाबतीत लोक यंत्राला शिव्या घालतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. गाजर घ्यायचं तर जाडजूड घ्या आणि वरचा रुंद भाग वापरा.

मग यादीचे दोन भाग पाडा. मऊ गटात झुकिनी, काकडी, नासपती, सफरचंद. कडक गटात गाजर, बीट, रताळं, बटाटा, मुळा, बटरनट भोपळ्याचा वरचा भरीव मानेसारखा भाग, ब्रोकोलीचा जाड देठ (हा देठ बरेच जण फेकून देतात, त्याचे नूडल्स मस्त होतात). तुमच्या खुणा जवळजवळ सगळ्या मऊ गटात असतील तर हलक्याफुलक्या साधनावर भागतं. कडक गटात तीन-चार खुणा असतील तर हातात धरून पिळायचं साधन यादीतून काढूनच टाका, मनगट दुखून आठवड्याभरात ते कपाटात जाईल.

माणसंही मोजा. मध्यम आकाराच्या एका झुकिनीचे, म्हणजे साधारण २०० ग्रॅमचे, नूडल्स एका माणसाला पुरतात, कारण शिजल्यावर ढीग बराच बसतो. चार माणसं म्हणजे चार झुकिन्या. हाताने पिळून चार झुकिन्या करणं शक्य आहे, पण रोजच्या घाईत कोणी करत नाही.

पायरी ३: प्रकार, आणि कोणाला काय

ज्युलियन पीलर. साध्या सालकाढण्यासारखाच, फक्त पातीला दात असतात. भाजी ताटात आडवी ठेवून वरून ओढायचा, सरळ लांब पट्ट्या निघतात. गोल गोल स्पायरल येत नाही आणि पट्टीची लांबी भाजीइतकीच, पण खाताना कोणाला फरक कळत नाही, शिवाय बारीक गाजर याच्यावर उत्तम होतं, जे मोठ्या यंत्रांना जमत नाही. बियांचा भाग आला की थांबायचं, भाजी वळवायची, पुढे चालू. ड्रॉवरमध्ये चमच्यांशेजारी मावतो, नळाखाली धरला की धुऊन झाला. माझं प्रामाणिक मत विचाराल तर भाज्यांचे नूडल्स आपल्या घरात खाल्ले जाणार की नाही हेच माहीत नसेल तर आधी हा घ्या, दोन-तीन महिने वापरा आणि मग मोठ्याचा विचार करा. मोठा घेतला तरी हा वाया जात नाही, सॅलडला आहेच.

हातात धरायचा स्पायरलायझर. पेन्सिलच्या शार्पनरसारखा, भोकात भाजी घालून पिळायची. काहींना दोन्ही टोकांना वेगवेगळ्या जाडीचे दात असतात, काही एका बाजूने उघडे कोनासारखे असतात. एक-दोन माणसांच्या घरात झुकिनी-काकडीसाठी ठीक. अडचणी दोन. एक, भोकाच्या मापाची मर्यादा, जाड भाजी आत जातच नाही, तासून घ्यावी लागते, म्हणून विकत घेण्याआधी भोकाचा व्यास बघा आणि तुमच्याकडच्या नेहमीच्या भाजीच्या जाडीशी ताडून पाहा. दुसरी, शेवटी शंकूच्या आकाराचं एक बोंड उरतं आणि तिथवर येईपर्यंत बोटं पातीच्या अगदी जवळ गेलेली असतात. सोबत टोचून धरायची टोपी येते ती वापरायचीच, हरवली तर त्या दिवसापासून यंत्र बाद समजा.

आडवा हँडलवाला. घरगुती वापरात सगळ्यात जास्त दिसतो तो हाच, आणि मऊ आणि कडक दोन्ही भाज्या खाणाऱ्या कुटुंबाला मी बहुतेक हाच सुचवेन. भाजी आडवी लावायची, एका टोकाला पाती, दुसऱ्या टोकाला दात्यांचं चाक, एका हाताने हँडल फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने मागून हळूहळू ढकलायचं. लांब भाजी बसते, जाड भाजी बसते, कडक भाजीलाही हँडलमुळे जोर मिळतो. पातीच्या मधोमध एक छोटी गोल नळी असते, ती भाजीला केंद्रात धरते आणि तिच्यातून पेन्सिलइतका बारीक गाभा मागे निघतो, तो चिरून भाजीत किंवा सूपमध्ये टाकायचा. वाकडी भाजी मात्र याला अजिबात चालत नाही. वाकडी असेल तर तिचे दोन-तीन तुकडे करा, प्रत्येक तुकडा बऱ्यापैकी सरळ मिळतो, आणि दोन्ही टोकं अगदी सपाट कापा. टोक तिरकं कापलं तर भाजी चाकावरून घसरत राहते, आणि लोक अजून जोर लावतात, मग रताळ्याला मधूनच तडा जातो. जोर कमी, फेरे जास्त, एवढंच लक्षात ठेवायचं.

उभा हँडलवाला. यात भाजी उभी राहते, वरून दाब द्यायचा आणि वरचं हँडल फिरवायचं, नूडल्स खाली भांड्यात पडतात. ओट्यावर जागा कमी अडते आणि वरून दाब द्यायचा असल्याने यंत्र पुढे सरकत नाही, आडव्यात मात्र ढकलण्याच्या दिशेलाच सगळं यंत्र पळू पाहतं. पण उंचीची मर्यादा असते, लांब भाजी तुकडे करूनच लावावी लागते, म्हणजे दोरेही आखूड. ओटा लहान असेल तर हा आधी बघा.

विजेवरचा. भाजी नळीत घालायची, बटण दाबायचं, वरून दांड्याने ढकलायचं. संधिवात असेल, मनगट दुखत असेल किंवा एका वेळी सहा-आठ जणांचं करायचं असेल तर याला पर्याय नाही, आणि अशा घरात उगाच काटकसर करून हाताचं यंत्र आणू नये. बाकीच्यांनी दोन गोष्टी तपासा. पहिली, नळीचा व्यास, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये तो इतका लहान असतो की बीट आणि रताळं कडेने तासून गोल करावं लागतं, मग वेळ वाचला कुठे? दुसरी, मोटर सलग किती वेळ चालवायची ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, काही यंत्रांना थोड्या थोड्या वेळाने थांबवून गार होऊ द्यावं लागतं. कडक भाज्या चालतील असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालणार नाहीत असं धरून चाला.

स्टँड मिक्सरला जोडायची अटॅचमेंट. असा मिक्सर (पीठ मळायचं, केकचं मिश्रण फेटायचं मोठं यंत्र, वाटणाचा मिक्सर नव्हे) आधीच घरात असेल आणि त्याला पुढे जोडणीचं तोंड असेल तरच. ताकद भरपूर, दोन्ही हात मोकळे, काहींत साल काढायची वेगळी पातीही येते. फक्त यासाठी मिक्सर घेऊ नका. फूड प्रोसेसरला लावायच्या गोल पात्यांचंही तेच, आहे तर वापरा.

पायरी ४: ब्लेड किती? तीन बास

जाहिरातीत सगळा भर ब्लेडच्या आकड्यावर असतो, आणि वापरात येतात तीन. साधारण ३ मिलिमीटरचं स्पॅगेटीच्या जाडीचं ब्लेड रोजचं, ६ मिलिमीटरच्या आसपासचं जाड ब्लेड बटाटा-रताळ्यासाठी आणि ओव्हनमध्ये भाजायच्या गोष्टींसाठी, आणि दात नसलेलं रिबिनीचं ब्लेड काकडी, सफरचंद, कांदा, कोबीसाठी. अगदी केसासारखं बारीक ब्लेड दिसायला सुंदर, कच्च्या सॅलडला आणि सजावटीला ठीक, पण झुकिनीचे इतके बारीक दोरे गरम पॅनमध्ये गेले की लगदा होतो, आणि कडक भाजी त्या बारीक दातांमध्ये अडकून बसते.

इथेच पाण्याचा मुद्दा सांगून टाकतो, कारण त्यावरून लोक चांगली यंत्रं परत करतात. झुकिनी आणि काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, गाजर-बीटात ८८ च्या आसपास, रताळ्यात ७७. झुकिनीचे नूडल्स ताटात पाण्यात पोहायला लागले तर दोष यंत्राचा नसतो, आपण मीठ आधी घातलेलं असतं, पॅनवर झाकण ठेवलेलं असतं किंवा पाच-सात मिनिटं शिजवलेलं असतं. मोठी आच, उघडा पॅन, एक-दोन मिनिटं आणि मीठ शेवटी. किंवा उलटं करा, आधी मीठ लावून १५-२० मिनिटं चाळणीत ठेवा, पाणी निथळलं की स्वच्छ फडक्यात हलकेच दाबून कोरडं करा आणि मग नंतर मीठ घालूच नका. या सगळ्यात जाड दोरा जास्त तग धरतो, म्हणून ज्यांना सॉसमध्ये घोळवून खायचंय त्यांनी जाड ब्लेड आहे का ते नक्की बघावं, बारीक नसलं तरी चालेल.

ब्लेडचं अजून एक. जास्तीची ब्लेड यंत्राच्या अंगातच खाच करून ठेवायची सोय आहे का? नसेल तर धारदार पाती ड्रॉवरमध्ये सुटी फिरणार, आणि एक दिवस चमचा शोधताना बोट कापणार. आणि सुटं ब्लेड नंतर वेगळं विकत मिळतं का हेही विचारा, घरी धार लावणं दातांमुळे जवळपास अशक्य आहे.

पायरी ५: अंगकाठी तपासा

हे दुकानात हातात घेऊन बघता आलं तर सगळ्यात बरं. हँडल एक फेरा रिकामं फिरवा, डुगडुगत असेल तर भाजी लावल्यावर अजून डुगडुगणार. भाजी धरणारे दाते लांब आणि टोकदार हवेत, आखूड दाते रताळ्याला नुसतं कुरतडतात, चाक फिरतं आणि भाजी जागच्या जागी. आडव्या यंत्राला खाली सक्शनचे पाय असतात, ते गुळगुळीत आणि स्वच्छ पृष्ठभागावरच चिकटतात. तुमचा ओटा खडबडीत दगडाचा असेल, लाकडी असेल किंवा टाइल्सच्या फटी असतील तर सक्शन धरणार नाही हे आधीच समजून घ्या, अशांना उभा प्रकार किंवा टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायचा प्रकार बरा. पृष्ठभाग चांगला असूनही पाय सुटत असतील तर रबराला ओला हात फिरवून मग दाबा. नुसती लिव्हर फिरवून बसणारं सक्शन असेल तर अजून छान, काढतानाही ओढाताण नाही.

डावखुऱ्यांनो, हँडल कुठल्या हाताला येतं ते बघा. बऱ्याच यंत्रांचं पातं एकाच दिशेने कापतं, उलटं फिरवलं तर काहीच निघत नाही. यंत्र वळवून पलीकडून वापरता येतं का हे रिकामं फिरवून पाहिलं की दोन मिनिटांत कळतं.

पाती स्टेनलेस स्टीलची असावी, अंग प्लास्टिकचं असलं तरी हरकत नाही पण जाड हवं. दोन बोटांनी दाबून वाकत असेल तर गाजराला तोंड देणार नाही.

पायरी ६: धुणं (इथेच निम्मी यंत्रं हरतात)

मला विचाराल तर निवडीतला हा सगळ्यात मोठा मुद्दा आणि याबद्दल खोक्यावर एक ओळ असते. ज्या यंत्राचे सुटे भाग सहापेक्षा जास्त ते आठवड्यातून दोनदा निघणार नाही, हे माझं आपलं ढोबळ गणित. ब्लेडची फ्रेम पूर्ण बाहेर निघते का, मधल्या नळीत ब्रश जातो का, कोपऱ्यांत अशा खाचा आहेत का जिथे गाजराचा चुरा बसून वाळेल, हे बघा. सोबत ब्रश येत असेल तर उत्तम, नसेल तर जुना टूथब्रश वेगळा ठेवा. घासणी पातीवर कधीच नको, घासणीही फाटते आणि बोटही.

काम झाल्या झाल्या नळाच्या धारेखाली धरलं तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे, वाळू दिलं तर दहा मिनिटांचं, विशेषतः बटाट्याचा स्टार्च सिमेंटसारखा चिकटतो. गाजराचा केशरी डाग साबणाने निघत नाही कारण तो रंग तेलात विरघळणारा असतो, कापसावर थोडं खायचं तेल घेऊन पुसा आणि मग साबण लावा. डिशवॉशरला चालतं असं लिहिलेलं असलं तरी प्लास्टिकचे भाग वरच्या कप्प्यातच ठेवा, आणि ब्लेड मी तरी हातानेच धुवेन, धार जास्त टिकते.

आणि ते ठेवणार कुठे? माळ्यावर ठेवायचं असेल तर घेऊ नका, साफ सांगतो. हाताशी येणाऱ्या कपाटाच्या खणाची उंची-रुंदी टेपने मोजा आणि यंत्राच्या मापांशी ताडून बघा.

पायरी ७: घरी आल्यावर पहिल्याच दिवशी करायची तपासणी

परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका, आणि तोवर खोका व बिल फेकू नका. आधी पाती सोडून सगळं कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पाती जपून. मग तीन भाज्या घ्या: एक झुकिनी किंवा काकडी, एक जाड गाजर, एक रताळं. दोन्ही टोकं सपाट, लांबी १०-१२ सेंटीमीटर. झुकिनीचे दोरे सलग यायला हवेत, सारखे तुटत असतील तर पातीतच काहीतरी गडबड आहे. गाजराला अर्धचंद्रासारखे तुकडे आले तर लगेच यंत्राला दोष देऊ नका, भाजी केंद्रात नसेल, एकदा काढून परत लावा, तरीही तेच आलं तर नळी आणि चाक एका रेषेत नाहीत. रताळ्याला हँडल फिरवताना यंत्राचं अंग पिळवटतंय का, पाय सुटतायत का ते बघा. उरलेला गाभा आणि बोंड हातात घेऊन अंदाज घ्या, भाजीचा पाव भाग उरत असेल तर ते यंत्र तुमच्या भाज्यांच्या मापाचं नाही.

दोरे फार लांब निघाले तर कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा, नाहीतर वाढताना सगळा गुंता एकाच ताटात जातो. मुद्दाम छोटे वेटोळे हवे असतील तर भाजीला लांबीच्या बाजूने मध्यापर्यंत एक चीर देऊन मग लावा. आणि चाचणीत केलेले झुकिनीचे नूडल्स डब्यात खाली कागदी टॉवेल घालून फ्रीजमध्ये ठेवले तर तीन दिवस चांगले राहतात, बटाट्याचे मात्र लगेच पाण्यात बुडवा, हवेत काळे पडतात.